माहूर ते औसा : निराळ्या माणसांचा मुलूख

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत लँकेस्टर नांवाचा एक सुपीक परगणा आहे. सुटीच्या दिवसांत आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सारी मंडळी मोठ्या मोटारगाड्यांत बसून तेथें सहलीस जाते. पाहावयाचें काय, तर कांहीं ऐतिहासिक इमारती, आणि त्यांहूनहि अधिक कौतुकानें, ‘आमिश’ नांवाच्या पंथाचीं माणसें. हे लोक घोड्याच्या बग्गींतून हिंडतात, साधीं एकरंगी वस्त्रें वापरतात, सरकारी विजेची तार घरांत येऊं देत नाहींत, आणि आपसांत जर्मन भाषेची एक जुनी बोली बोलतात. इ. स. १६९३ च्या सुमारास याकोब आमान या धर्मोपदेशकानें स्वित्झर्लंड व आल्सास या प्रदेशांतील आपल्या धर्मबंधूंपासून फुटून हा पंथ काढला. पुढें अठराव्या शतकांत त्याचे अनुयायी छळाला कंटाळून समुद्र ओलांडून गेले. मौज अशी कीं, युरोपांतील त्यांचें शेवटचें मंडळ १९३७ सालीं दुसऱ्या पंथांत मिसळून गेलें. जन्मभूमींत ते नामशेष झाले आणि परभूमींत वाढले.

सहलीस आलेल्या पाहुण्यांना बग्गी दिसते. बग्गीमागचा विचार दिसत नाहीं. हे लोक नवें तें सारें त्याज्य मानतात अशी समजूत आहे, परंतु ती खरी नव्हे. एखादें नवें साधन आलें कीं त्यांचें मंडळ बसून विचार करतें : यानें शेजारी शेजाऱ्यापासून दूर जाईल काय? घरोघरीं टेलिफोन आला तर मनुष्य मनुष्याच्या दारीं जाणार नाहीं, म्हणून टेलिफोन घरांत नको. परंतु गरजेपुरता शेताच्या कडेला एका खोपटींत असूं द्यावा, असे निर्णय त्यांनीं घेतलेले आहेत. ही जडता नव्हे. ही निवड आहे. निवड चुकीची असूं शकेल, परंतु ती पाहावयाची तर गाडीच्या खिडकींतून दिसण्यासारखी नाहीं.

आपल्याकडे अशी सहल काढावयाची झाल्यास कोठें काढावी? माझें उत्तर असें कीं, नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबें या वाटेनें जातात. गाडी ठरवून माहूरची रेणुका, नांदेडचा गुरुद्वारा आणि जातां जातां तुळजापूर असा बेत करतात, नारळ फोडतात, छायाचित्रें घेतात आणि चौथ्या दिवशीं घरीं परततात. या भक्तीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या रस्त्यानें ही गाडी धांवते तो रस्ता चारचौघांहून निराळें राहण्याचें व्रत घेतलेल्या माणसांच्या दारावरून जातो. त्या निराळेपणानें त्यांना काय दिलें, आपल्याला काय दिलें, आणि त्याची किंमत कोणीं मोजली, हें विचारल्यावांचून परत येणें म्हणजे बग्गी पाहून परत येणेंच होय.

आरंभ माहुरापासून करावा. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोंकाला, डोंगररानांत हें ठाणें आहे. रेणुका, दत्तात्रेय व अनसूया अशीं तीन शिखरें. जवळच जुना किल्ला. येथल्याच देशमुख घराण्यांतील रायबागन ही शूर स्त्री मोंगलांच्या बाजूनें १६६१ सालच्या उंबरखिंडीच्या प्रसंगीं हजर होती. रेणुकेच्या व दत्ताच्या शिखरावर गर्दी असते. मात्र देवदेवेश्वरीचें महानुभावांचें स्थान पाहण्याची आठवण थोड्यांनाच होते. महानुभाव पंथ पंचकृष्ण मानतो, आणि दत्तात्रेय हा त्यांतील एक. पंथाची गुरुपरंपरा अशी आहे कीं, माहुरास दत्तात्रेयांपासून चक्रपाणींना, त्यांच्यापासून द्वारकेस गोविंदप्रभूंना, आणि गोविंदप्रभूंपासून रिद्धपुरास चक्रधरांना ज्ञानशक्ति मिळाली. म्हणजे या पंथाच्या गंगेचा उगम, त्याच्या अनुयायांच्या दृष्टीनें, याच डोंगरांत आहे.

चक्रधर मूळचे भडोचचे, जन्मानें गुजराथी राजकुळाशीं संबंध असलेले. तेराव्या शतकांत त्यांनीं महाराष्ट्रांत पायीं फिरून उपदेश केला तो मराठींत. जातिभेद व सोंवळेंओंवळें त्यांनीं मानलें नाहीं. स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, आणि त्यांच्या विटाळाविषयीं शंका निघाली तेव्हां देहाच्या इतर मळांसारखाच तो एक, असें सांगून ती मिटविली. सातशें वर्षांपूर्वीं ही गोष्ट बोलणें केवढें धाडसाचें होतें याची कल्पना आजच्या वाचकांनीं आपापल्या आजीच्या घरची रीत आठवून करावी. त्यांचे पट्टशिष्य नागदेव यांच्यापुढें एका विद्वान शिष्यानें संस्कृतांत ग्रंथरचना करण्याची इच्छा दाखविली, तेव्हां त्यांनीं ती मोडली. कारण असें कीं, पंथांतील म्हाताऱ्या बाया त्या ज्ञानाला मुकतील. मराठी भाषेचा कैवार इतक्या घरगुती कारणानें घेतलेला क्वचितच आढळेल, आणि म्हणूनच तो इतका खरा वाटतो.

चक्रधरांनीं अनुयायांना आणखी एक आज्ञा केली होती. तेलंगण व कानडी मुलूख यांत जाऊं नये, महाराष्ट्रांतच राहावें. आपली ही सहल ज्या जिल्ह्यांतून चालली आहे त्यांपैकीं नांदेडची हद्द आज तेलंगण व कर्नाटक या दोन्ही राज्यांस लागून आहे आणि लातूरची कर्नाटकास. त्या आज्ञेंत ज्या महाराष्ट्राची मर्यादा सांगितली, त्याची वेस ती हीच.

चक्रधरांच्या पश्चात् म्हाइंभटांनीं त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनीं त्यांना पाहिलें, ऐकलें, अशा माणसांच्या दारीं स्वतः जाऊन, कोणती आठवण कोणाकडून मिळाली याची काळजी घेऊन, १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालें. तो मराठींतील आद्य गद्यग्रंथ. महदाइसेचे धवळे हें मराठी स्त्रीचें आद्य काव्य. पुढें उत्तरेकडील स्वाऱ्यांच्या धामधुमींत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहींशी झाली आणि शिष्यांनीं तें स्मरणानें पुन्हा उभें केलें, असें परंपरा सांगते. त्यानंतर चौदाव्या शतकापासून पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहिण्यास आरंभ केला. ग्रंथ अनधिकाऱ्याच्या हातीं पडूं नयेत, त्यांचें पावित्र्य राहावें, हा हेतु. हेतु सफळ झाला, आणि तो इतका सफळ झाला कीं, जवळजवळ पांच शतकें मराठी वाचकाला आपल्या भाषेचें पहिलें गद्य अस्तित्वांत आहे याचाच पत्ता नव्हता!

येथें एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या भाषेंत ‘मानभावी’ असा शब्द आहे. वरून साळसूद आणि आंतून कपटी अशा माणसाला आपण तो लावतों. हा शब्द महानुभाव या नांवापासूनच आलेला आहे. जे लोक दारूमांसाला शिवत नव्हते, एका ठिकाणीं घर करून राहत नव्हते, भिक्षेवर निर्वाह करीत होते, काळीं वस्त्रें नेसून आपल्यापुरते आपण असत, त्यांचें नांव आपण शिवीसारखें वापरलें. आपल्यापेक्षां निराळा दिसतो तो कांहीं तरी लपवीत असला पाहिजे, ही बहुसंख्यांची तर्कपद्धति सर्व देशांत सारखीच असते. गंमत ही कीं, महानुभाव खरोखरच कांहीं तरी लपवीत होते. आपल्या मराठीचा ठेवा ते लपवून सांभाळीत होते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे व वि. ल. भावे यांच्या परिश्रमांनीं आणि पंथांतील कांहीं महंतांच्या उदार संमतीनें ही लिपी उलगडली. पुढें ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांनीं ग्रंथ शुद्ध करून छापले. २०२४ सालीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठीं जीं प्रमाणें पुढें मांडलीं गेलीं त्यांत लीळाचरित्राचें स्थान मोठें होतें. त्या आनंदोत्सवांत ‘मानभावी’ हा शब्द मागें घेण्याची सूचना मात्र कोणीं केल्याचें ऐकिवांत नाहीं.

माहुराहून किनवटच्या रानांतून गाडी नांदेडला उतरते. वामनपंडितांचें म्हणून हें गांव मराठी वाचकांना ठाऊक असतें. परंतु जगाच्या नकाशावर तें आणलें एका परप्रांतीय पाहुण्यानें. १७०८ सालीं शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग बहादुरशहाच्या छावणीबरोबर गोदावरीकांठीं आले. चारी पुत्र त्यांनीं आधींच गमावले होते. नदीकांठच्या एका मठांत माधोदास नांवाचा बैरागी राहत असे. तो मूळचा राजौरीचा. गुरूंच्या भेटीनें त्याचा बंदा सिंग बहादुर झाला. गुरूंचे बाण घेऊन तो पंजाबांत गेला, १७१० सालीं त्यानें सरहिंद घेतली, आणि १७१६ सालीं दिल्लींत हाल सोसून मरण पत्करलें. इकडे एका पठाणाच्या खंजिराची जखम होऊन ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं गुरूंनीं नांदेड येथें देह ठेवला. तत्पूर्वीं त्यांनीं सांगितलें कीं, यापुढें देहधारी गुरु नाहीं. ग्रंथ हाच गुरु. एका धर्माच्या इतिहासांतील इतका मोठा निर्णय मराठी मुलखांत, गोदावरीच्या तीरावर झाला, ही गोष्ट आपल्या शाळांतील मुलांना कितीशी ठाऊक असते?

सचखंड हुजूरसाहिबची आजची मुख्य इमारत महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविली. तिच्यासाठीं पंजाबांतून द्रव्य आलें, कारागीर आले. त्याच सुमारास निजामाचे दिवाण चंदूलाल यांच्या काळांत हैदराबादच्या चाकरींत शीख पलटणी आल्या. यांपैकीं पुष्कळ परत गेले नाहींत. त्यांचीच पुढची पिढी म्हणजे आजचे दख्खनी शीख. यांच्या घरीं पंजाबी आहे, हिंदी आहे, आणि बाजारांत चोख मराठवाडी मराठी आहे. येथल्या कांहीं रीती पंजाबांतहि आढळत नाहींत. गुरु ग्रंथसाहिबाबरोबर दशम ग्रंथाचीहि येथें स्थापना असते. स्थानाच्या स्नानासाठीं एक सेवेकरी रोज गोदावरीची घागर भरून आणतो. होळीच्या सुमारास हल्लाबोलाची मिरवणूक निघते. उगमापासून दूर गेलेला प्रवाह उगमावर आटलेल्या गोष्टी जपून ठेवतो, याचा प्रत्यय लँकेस्टरच्या जर्मन बोलींत येतो तसाच येथेंहि येतो.

परंतु नांदेडचा विशेष एवढ्यावर संपत नाहीं. जो ग्रंथ येथें गुरु झाला, त्यांत आपल्या नामदेवांचीं एकसष्ट पदें आहेत. नामदेवांचें जन्मग्राम म्हणून परंपरेनें मानलें जाणारें नरसी हें गांव शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांत, नांदेडहून मोटारीनें दोनएक तासांच्या वाटेवर आहे. नामदेव पंजाबांत घुमान येथें राहिले. त्यांची वाणी तिकडे रुजली. आणि चार शतकांनंतर दुसऱ्याच एका महापुरुषाच्या पाठोपाठ ती वाणी ग्रंथाच्या रूपानें जवळजवळ आपल्या गांवींच परत आली. तिकडे आपल्या महानुभावांपैकींहि कांहीं पंजाबांत व त्यापलीकडे वायव्य सरहद्दीपर्यंत गेले. तेथें त्यांना जयकृष्णी म्हणत. म्हणजे ज्या काळांत आगगाडी नव्हती, डाक नव्हती, त्या काळांत मराठवाडा व पंजाब यांनीं आपलीं निराळीं माणसें परस्परांच्या ओटींत घातलीं. निराळेपणा म्हणजे फुटीरपणा असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हा व्यवहार ध्यानीं घ्यावा. निराळ्यांनींच येथें दोन दूरचे प्रांत एकमेकांस बांधले. २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलें, तेव्हां आपण या जुन्या ऋणाची फार तर पहिली पावती दिली.

नांदेडहून दक्षिणेस वळलें कीं माणसांपेक्षां दगड अधिक बोलूं लागतात. कंधारचा भुईकोट राष्ट्रकूटांच्या काळाशीं जोडला जातो. सभोंवार रुंद खंदक, जवळच जगत्तुंग सागर नांवाचा जुना तलाव. येथें सांपडलेले एका प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे अवयव पाहून मुलें प्रथम हंसतात आणि मग गप्प होतात. एवढें पाऊल ज्याचें, तो उभा असतां केवढा दिसत असेल! त्याच गांवीं हाजी सय्या यांचा दर्गा आहे, त्याच्या उरुसास हिंदु-मुसलमान दोघेहि जातात. १६३१ सालीं हा किल्ला मोंगलांनीं निजामशाहीकडून घेतला. पांच वर्षांनीं, १६३६ सालीं, उदगीर व औसा यांचीहि तीच गत झाली.

उदगीर म्हटलें कीं मराठी मनाला ३ फेब्रुवारी १७६० ही तारीख आठवते. प्रत्यक्ष झुंज झाली ती उदगीर व औसा यांच्या दरम्यानच्या मुलखांत. निजाम धारूरकडे सरकूं पाहत होता आणि सदाशिवरावभाऊंनीं त्याला गांठलें. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनीं काम चोख बजावलें. दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बऱ्हाणपूर हीं स्थळें व साठ लक्षांचा मुलूख पदरांत पडला. परंतु त्याआधींच, १० जानेवारीस, बुराडीघाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. ती बातमी दक्षिणेंत पोंचली, परतूरला खलबत झालें, आणि मार्चांत भाऊ उत्तरेकडे निघाले. पुढल्या संक्रांतीला पानपतावर भाऊहि गेले आणि इब्राहिमखानहि. उदगीरच्या तटावर उभें राहून मुलांना विजयाची गोष्ट सांगावी, परंतु एवढीच सांगून थांबूं नये. येथें मिळालेल्या यशानेंच भाऊंकडे उत्तरेच्या मोहिमेचें सेनापतिपद चालून आलें. सहलीच्या नकाशावर जेथें जयाचें चिन्ह असतें तेथून पराजयाचा रस्ता सुरू झालेला असतो, हें मुलांना जितक्या लवकर कळेल तितकें बरें. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यांत होतें. भाषावार रचनेंत तें मराठीकडे आलें, आणि २०२२ सालीं मराठी साहित्य संमेलन तेथें भरलें.

लातूर हें व्यापारी शहर, सहलीकर येथें केवळ मुक्कामापुरते थांबतात. तरी राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुराचे अधीश्वर’ म्हणवीत आणि तें लट्टलूर म्हणजे लातूर, हें ध्यानीं असूं द्यावें. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची आगगाडी १९११ सालीं येथें पोंचली आणि कापसाधान्याच्या व्यापाराला तिनें वाट दिली. तीच लाइन पुढें मिरजेपर्यंत गेली. नंतर रूळ रुंद झाले; आणि २०१६ च्या एप्रिलांत, दुष्काळानें शहराचे नळ कोरडे पडले असतां, मिरजेहून पाण्याच्या टाक्या घेऊन आगगाडी याच वाटेनें लातुरास आली. पहिल्या खेपेस पांच लाख लिटर पाणी होतें. राजांच्या बिरुदांत ज्या गांवाचें नांव कोरलें गेलें, त्यानें एका उन्हाळ्यांत कृष्णाकांठचें पाणी आगगाडीनें आणून प्यावें, हेंहि इतिहासाचेंच एक पान होय.

औशाचा किल्ला व खरोशाचीं लेणीं पाहून गाडी किल्लारीकडे न्यावी, असें मी आग्रहानें सांगेन. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास, गणपति पोंचवून दमून निजलेल्या गांवांवर त्यांचींच घरें कोसळलीं. हजारों माणसें गेलीं. दख्खनचें पठार म्हणजे अचल भूमि, येथें धरणीकंप व्हावयाचा नाहीं, अशी शास्त्रज्ञांचीहि समजूत होती. मारलें तें घरांनीं. चिखलांत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर लांकडी तुळयांवर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत थंड, चोराला अभेद्य, पिढ्यान् पिढ्या सोईचें. जुन्या रीतीचें कौतुक करणाऱ्यांनीं हा प्रसंग विसरूं नये. जुनें तें राखलें म्हणजे मनुष्य राखला जातोच असें नाहीं.

परंतु नव्याच्या भक्तांनींहि येथें थोडें थांबावें. पन्नासांच्या वर गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. घरें पक्कीं झालीं, रस्ते सरळ व रुंद झाले. मात्र जुन्या गांवांत ओट्यावरून ओट्याशीं बोलतां येत होतें, बोळाच्या तोंडाशीं बसून दहा घरांवर लक्ष ठेवतां येत होतें. चौकटीच्या आंखणींत तें गेलें. लोकांनीं मग पक्क्या घरांपुढें पत्र्याच्या पडव्या काढल्या, गुरांना व शेजाऱ्यांना जागा केली. कागदावर ज्यांनीं गांव आंखलें त्यांना ही पडवी बेशिस्त वाटली असेल. मला ती एका मंडळाचा निर्णय वाटते. सभा न भरतां, ठराव न करतां, लोकांनीं ठरविलें कीं भिंत नवी चालेल, शेजार मात्र जुना हवा.

ज्या ज्या ठिकाणीं आपण थांबलों त्या त्या ठिकाणीं प्रश्न हाच होता. महानुभावांनीं लिपी झांकली, दख्खनी शिखांनीं रीती जपल्या, किल्लारीकरांनीं माळवद सोडून शेजार धरला. काय राखावें व काय सोडावें हें ज्याचें त्यानें ठरविलें, तेथें निराळेपणा जिवंत राहिला. त्याची किंमतहि लहान नव्हती : महानुभावांनीं पिढ्यान् पिढ्या कुचेष्टा सोसली, आणि आपण पांच शतकें आपल्याच गद्याला मुकलों. या हिशेबांत कोणाच्या नांवावर अधिक येणें निघतें, हें प्रत्येकानें मनाशीं तपासावें.

म्हणून या मुलखांत कुटुंबासह जाणाऱ्यांना दोनच गोष्टी सुचवितों. गुरुद्वारांत डोकें झांकावयाचें तें नियम म्हणून झांकूं नका. लंगरांत पंक्तीला बसा, आणि जमल्यास वाढावयासहि उभे राहा. माहुरास महानुभाव साधु भेटले तर छायाचित्राची परवानगी मागण्यापूर्वीं एखादी लीळा सांगण्याची विनंति करा. त्यांच्या तोंडची ती गोष्ट मुलांना सहज कळेल. कारण म्हाताऱ्या बायांना कळावी म्हणूनच ती मराठींत ठेवलेली आहे.